बथशेबाला कोणी इचारलं का?

माझे मार्गदर्शक सुधाकर सर नसते तर मी परतूरला लोकांच्या शेतात कापूस वेचत राहिले असते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. वसतिगृहात जागा सरांनी मिळवून दिली. बायबल प्रश्न विचारत वाचायला त्यांनीच शिकवलं. आणि जालन्याच्या चर्चासत्रात, भरल्या हॉलमध्ये, माझी ओळखही त्यांनीच करून दिली.

"ही आमची मुलगी. टायपिंग फार सुरेख करते."

लोक हसले. मीही हसले.

सर निबंध वाचू लागले. मी लॅपटॉपपाशी बसून पडद्यावरची पानं बदलत होते. विषय, बायबलमधल्या दावीद राजाचं पुरुषपण. तिसऱ्या पानावर माझा हात थांबला. वाक्यं माझी होती. सरांकडे तपासायला दिलेल्या माझ्या प्रबंधातली.

खरं तर माझीही नव्हेत. कुंभार पिंपळगावला दर बुधवारी बायकांची प्रार्थना भरते. एकजण उतारा वाचते, बाकीच्या त्यावर आपापलं बोलतात. मंदामावशींना वाचता येत नाही. नवरा जालन्यात लोखंडाच्या भट्टीवर, आठवड्याला घरी येणारा. त्या म्हणाल्या होत्या, "उरीया गडी राजाच्या लढाईवर गेल्ता, अन् राजा घरी लोळून राह्यल्ता. वरून त्याच्याच बायकोला, बथशेबाला, बोलावून घेतलं. मंग पाप झाकाया राजानं उरीयाला घरी धाडलं, तर गडी घरी निजला न्हाई, म्हणून तो लई मर्द म्हणत्यात. मंग बथशेबाला कोणी इचारलं का?"

सरांनी दोन मर्दांची तुलना घेतली. शेवटचा प्रश्न गाळला. मावशींच्या जागी लिहिलं, 'ग्रामीण भाविकांची समजूत.'

मी उभी राहिले. "सर, पुरुषपणाचा हा प्रश्न आधी बायकांनी विचारलाय. त्या या निबंधात कुठं आहेत?"

"बाळा, बायकांच्या बाजूनं पुष्कळ लिहून झालं. आता जरा पुरुषांकडं बघू दे. बस. पुढचं पान लाव."

मी लावलं नाही. मंचावरून खाली उतरले. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई रुसल्या!"

जेवणाच्या रांगेत सरांनी गाठलं. आवाज मऊ होता. "हा निबंध माझ्या पुस्तकात येईल, तिथं तुझे आभार मानीन ना. प्रबंधावर सही माझीच लागते, बेटा. विसरू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हे पत्र पाठवलं.

'आदरणीय सर,

तुमचे उपकार मी नाकारत नाही. पण तुमचा अभ्यास बाईच्या प्रश्नावर उभा राहतो आणि तिलाच खाली बस म्हणतो. माझ्या प्रबंधातलं प्रकरण तुमच्या पुस्तकात छापू नका. छापलंत तर मूळ मसुदा घेऊन मी विद्यापीठात जाईन. मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज आज दिला आहे. वर्षं वाया गेली तर जाऊ देत.

प्रबंधात नाव टाकू का, असं मंदामावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाव टाक, बिलकुल टाक." ते टाकणार आहे, आणि त्यांचा प्रश्न पुरा लिहिणार आहे.

आभाराच्या पानावर तुमचंही नाव असेल, सर. पहिलं नसेल.'