मुकादमाची आंबुशी

माझा साडू गोदामात मुकादम होता. आम्ही पोती उचलायचो, तो "उचला" म्हणायचा. एवढ्या कष्टानं त्याची पाठ अजून दुखते म्हणे.

तापातून उठल्यावर माझ्या बायकोच्या तोंडाची चवच गेली. घास घशाखाली उतरेना. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एका सकाळी म्हणाली, "रानातली आंबट आंबुशी मिळाली तर जातील दोन घास." मी पिशवी घेऊन निघालो, तर साडू दारातच उभा.

"चल, दाखवतो. तुला काय कळतंय त्यातलं?"

कुरणात तो हात मागे बांधून उभा राहिला. "तिकडं दाट आहे. वाक जरा." आंबुशी गवतात दडून वाढते, तिची पानं एकेक करून नखानं खुडावी लागतात. मी गुडघे टेकून बसलो. साडूला दम धरवेना.

"अशानं संध्याकाळ होईल! हो बाजूला."

विळा आणि पोतं घरूनच घेऊन आला होता. झपाझप कापत सुटला. गवत, माती, मुळं, गोगलगायी, सगळं पोत्यात गेलं. मग पोतं माझ्या पाठीवर आलं. "काम असं करतात," म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं पोतं ओट्यावर उलटं करायला लावलं आणि आपण खुर्चीत बसला. त्याची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, बहिणीच्या दुखण्यात आमच्याकडेच होती. तिला म्हणाला, "अगं, टाक फोडणीला."

तिनं मूठभर उचलून पाहिलं. "हे बैलापुढं टाकू की तुमच्यापुढं?"

"मी एवढं आणलंय, आणि तू..."

"जन्मभर हेच. पोतं भरलं की तुमचं काम संपलं. निवडायचं आम्ही."

ती आणि मी निवडत बसलो. दुपार कलली. तो खुर्चीत घोरत होता. माझ्या पिशवीतली आणि ढिगातून निघालेली मिळून वाटीभर भाजी झाली. तेल, लसूण, एक मिरची, बस.

बायकोनं घास घेतला. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिनं तोंड वाकडं केलं.

"अक्का, मीठ घालायला विसरलीस की गं!"

कालपर्यंत तिला मीठ आणि माती सारखीच लागत होती. मेव्हणी हसता हसता रडायला लागली. मला ताटाकडे बघवेना.

साडू जागा झाला. "बघ, लागू पडली की नाही माझी भाजी? आणि बघत काय बसलाय? उचला ते मीठ, द्या तिला!"

मिठाची बरणी त्याच्याच कोपराशी होती.