चौकात पाला वाटणारी मावशी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. जाम चौरस्त्यावर ट्रकांच्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायचं माझं दुकान होतं. फुकट कोणाला काही देऊ नये हे मला मास्तरानं नाही, त्या चौरस्त्यानं शिकवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण बायको माझ्या नेमकी उलटी होती. वारली त्याच्या आधीचं दीडेक वर्ष तिनं कॉम्प्युटरच्या एका खेळात लोकांना फुकट वाटण्यात घालवलं.

लेक नागपूरला कॉम्प्युटर शिकून आली आणि नोकरी शोधायचं सोडून म्हणाली, मी गावातच नेट कॅफे टाकते. घराचा पुढचा भाग माझ्या बॅटऱ्यांचा, त्यामागची खोली तिनं घेतली. चार कॉम्प्युटर मांडले. कोणी निकाल पाहायला येई, कोणी कापसाचा भाव पाहायला, कोणी नुसतंच पंख्याखाली बसायला. कोपऱ्यात पाचवा डबा होता. त्याला पडदा नाही, कोणी गिऱ्हाईक नाही, तरी तो चोवीस तास चालूच.

"हा काऊन चालू ठेवते व तू? बिल कोण भरते?"

"सर्वर हाय तो, बाबा."

"म्हंजे?"

"तुमचा चौरस्ता समजा. नागपूरची गाडी, चंद्रपूरची गाडी, सारे इथं भेटतात का नाई? चौरस्ताच नसला तर कोण कोणाले भेटन? हा डबा बंद पडला का खेळातली सारी माणसं बाहेर फेकल्या जातात."

खेळ परदेशातला होता. तिकडच्या सर्वरपर्यंत आपलं नेट पोचेस्तोवर राक्षस माणसाला मारून मोकळा होई. म्हणून लेकीनं आपल्या भागातल्या लोकांसाठी हा घरचा सर्वर उभा केला होता. हिंगणघाटचे, आर्वीचे, वरोऱ्याचे, यवतमाळचे लोक संध्याकाळी त्यात यायचे. एक जण तर गावातून दुबईला कामाला गेलेला, तो तिथून यायचा. खेळात एक शहर, शहरात चौक, चौकात कारंजं. बाहेर जंगल आणि राक्षस. जंगलात मार खायचा आणि चौकात येऊन गप्पा मारायच्या, असा सारा कारभार. मला तर गप्पाच जास्त दिसायच्या.

माझा त्या खेळाशी संबंध फक्त बॅटरीपुरता. त्या वर्षांत लाइट जायची वेळ पेपरात छापून यायची, एवढी ती नेमानं जायची. इन्व्हर्टरला मी ट्रकची जुनी बॅटरी जोडून दिली होती. ती उतरायला लागली की इन्व्हर्टर टूं टूं करे आणि मी दुसरी लावून देई.

मग बायकोच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा वर्ध्याला डायलिसिस. आलो की ती पार गळून जायची. लाइट गेल्यावर पंखा फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत फिरायचा, म्हणून तिची खाट तिथंच टाकली. खाटेवरून ती पडद्याकडे पाहत राहायची. एक दिवस लेकीनं तिच्या हातात माउस दिला आणि खेळात तिच्यासाठी एक बाई उभी करून दिली. लेक तिला कॅरेक्टर म्हणायची. बायको म्हणायची, बाहुली.

मारामारी तिला जमली नाही.

"बेडूक काऊन मारू मी? त्यानं माह्यं काय केलं?"

"आई, मारलं नाई तर तू मोठी कशी होशीन?"

"झाली तेवढी मोठी पुरे झाली."

शहराबाहेर झुडपं होती, ती छाटली की औषधाचा पाला मिळे. तो खाल्ला की जखमी माणूस बरा होई. तेवढं तिला आवडलं. सकाळी झुडपं छाटायची, संध्याकाळी कारंज्यापाशी बाहुली बसवायची आणि जंगलातून मार खाऊन येणाऱ्याला पाला द्यायचा. पैसे घ्यायचे नाहीत. साऱ्या सर्वरची ती मावशी झाली. लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, लेक वाचून दाखवायची, ही सांगेल ते लेक लिहायची.

"मावशी, आज लय मार पडला."

"जेवला का पण तू?"

"मावशी, मी इथं लढाई करून राह्यलो आन् तुमी जेवणाचं विचारता."

"उपाशी माणूस हरतेच, बापू. जेव आन् मंग ये."

आणि तो खरंच जेवून यायचा.

पण चौकात औषध विकणारेही होते. त्यात कारंजा घाडगे गावचा एक जण होता, खेळातला पक्का व्यापारी. तो चिडला.

"मावशी, तुमी फुकट वाटता, आमचा धंदा बसला. नियम पाहा जरा."

"तुह्यं दुकान हाय बाप्पा, तू वीक. माह्यं काई दुकान नाई."

"मग एखादा रुपया तरी घ्या! बाजाराची इज्जत ठेवा."

मी दारात उभा होतो. मला त्याचं पटलं. म्हटलं, "बराबर बोलून राह्यला तो. मीही त्याच्याजागी असतो तर हेच म्हणलं असतं."

बायको माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमी तुमच्या बॅटऱ्या पाहा."

लेक खोखो हसली. तिनं ते तसंच लिहून टाकलं आणि साऱ्या चौकाला आमच्या घरातलं भांडण कळलं. दुसऱ्या दिवसापासून कारंजेवाला आल्याआल्या विचारायचा, "काका बॅटऱ्या पाहून राह्यले ना?"

पावसाळा सरता सरता ती गेली. दवाखान्यातच गेली. त्याबद्दल मला लिहिता येत नाही, आणि लिहून काही होणारही नाही. तेरवी झाली, पाहुणे गेले, खाट माडीवर ठेवली. मी दुकान उघडायचो, बॅटऱ्यांत पाणी भरायचो, आणि चहाची वेळ झाली की आत वळून हाक मारायचो. अर्धी हाक तोंडातच राही.

लेकीनं खेळातल्या लोकांना काही सांगितलं नव्हतं. ते विचारायचे, मावशी कुठं हाय? ही लिहायची, बरं नाही. रोज तेच लिहायची. मग एक दिवस दुपारी ती माझ्याजवळ स्टुलावर येऊन बसली.

"बाबा, आईची बाहुली पुसली जाते या हप्त्यात."

सर्वरच्या डब्यात जागा कमी होती. म्हणून तिनंच नियम लावला होता की तीन महिने जो खेळाडू खेळात पाय ठेवणार नाही त्याची बाहुली आपोआप पुसली जाईल.

"नियम तुहा हाय ना? मोड मंग."

"वरोऱ्याच्या एकाची पुसली होती तवा तो रडकुंडीले आलता. मी त्याले नाई म्हणलं. आता आपल्या आईसाठी मोडू का? कोणत्या तोंडानं?"

"मंग तू एकदा आईच्या नावानं आत जा आन् निंघून ये."

तिनं मान हलवली. "सारं करीन बाबा, पण आईच्या बाहुलीत मी नाई शिरत. माह्याच्यानं होत नाई."

बायकोचे कपडे वाटले होते. चप्पल कुठं गेली ते माहीत नाही. फोटो एकच, लग्नातला, त्यात तिचं तोंड नीट दिसत नाही. ती बाहुली मी धड पाहिलीही नव्हती, पण आता तेवढीच उरली होती. म्हटलं, "मी शिरतो."

लेकीनं सारं उघडून दिलं. माउस कसा धरायचा ते दाखवलं आणि स्वयंपाकघरात गेली. आमचं ठरलं होतं की आत जायचं, दहा पावलं चालायचं, बाहेर यायचं. कोणाशी बोलायचं नाही.

बाहुली कारंज्यापाशीच बसलेली होती. बायको जिथं सोडून गेली, तिथंच. हिरवं लुगडं म्हणता येईल असं काहीतरी अंगावर, कमरेला टोपली. मी पाहत बसलो. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं पडायला लागली.

"मावशी!"

"मावशी आली रे!"

"कुठं होत्या मावशी इतके दिवस?"

"मावशी, मी जेवून आलो, देवाशप्पथ."

लोक चारही बाजूंनी पळत यायला लागले. लेकीला हाक मारली, ती आली नाही. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत होता, नुसताच. मला मराठी वाचता येतं, इंग्रजी अक्षरं बॅटरीच्या डब्यांवरून ओळखीची. एका बोटानं एकेक अक्षर शोधत मी लिहिलं:

मी तिचा नवरा. ती गेली.

अक्षरं पडायची थांबली. मला वाटलं, नेट गेलं. मग कारंजेवाल्याचं आलं.

"काका, कधी?"

मी महिना लिहिला.

मग त्याची बाहुली माझ्यापाशी आली आणि खाली बसली. मग दुबईवाला बसला. मग आर्वीचे दोघे. गावात माणूस गेलं की बसायला येतात तसे ते बसले. दाराशी चपला काढायच्या, टेकायचं आणि खाली पाहायचं. तसंच ते होतं, फक्त चपला दिसत नव्हत्या.

तेवढ्यात लाइट गेली. दुपारची वेळच होती ती. इन्व्हर्टरनं भार घेतला आणि लगेच टूं टूं सुरू केलं. आठ दिवसांत मी इन्व्हर्टरच्या बॅटरीकडे पाहिलंच नव्हतं. डबा बंद पडला असता तर सारे बाहेर फेकले गेले असते, बसल्या जागेवरून. मी दुकानात धावलो. चार्जिंगवर एकच बॅटरी पूर्ण भरलेली होती, आणि तिचा मालक ट्रकवाला समोर चहा पीत बसला होता.

"काका, झाली का माही बॅटरी?"

"झाली. पण घंटाभर भेटत नाई."

"काऊन? ट्रकमंदी संत्री हाय माही!"

"घरात माणसं बसायले आली हायत."

तो उठून माझ्यामागे आत आला. खोलीत कोणीच नाही. त्यानं खुर्च्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कोण गेलं?"

"बायको."

"आज?"

"तीन महिने झाले."

त्यानं डोक्याचा रुमाल काढला आणि बॅटरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी ती उचलून आणली, मी क्लिपा लावल्या, टूं टूं थांबलं. मग तो दाराशी टेकून, हातातला रुमाल पिळत, पडद्यावरच्या त्या बाहुल्या पाहत उभा राहिला.

पडद्यावर कारंजेवाल्यानं लिहिलं होतं, "काका, घरी चूल पेटली का?"

आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे भाकर-पिठलं आणून देतात. आमची चूल तर केव्हाच पेटली होती. पण त्याला बातमी आज कळली होती, आणि ज्याला ज्या दिवशी कळतं त्याचं सुतक त्या दिवसापासून. मी लिहिलं, नाही.

त्यानं माझ्या टोपलीत पाव टाकला. खेळातला पाव. दुबईवाल्यानं केळी टाकली. आर्वीच्यांनी दूध आणि गाजरं. मग नवीन लोक येत गेले आणि टाकत गेले. मासे, मध, पुन्हा पाव, आणि पाल्याच्या तर जुड्याच्या जुड्या. जी माणसं बाजाराची इज्जत सांगायची, त्यांनी दुकानाच्या पाट्या काढून माल माझ्या टोपलीत ओतला. जाताना एकही जण "येतो" म्हणाला नाही. बसायला आलेल्या माणसानं म्हणायचं नसतं, ते त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

लेक केव्हा मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. मी ठरल्याप्रमाणे दहा पावलं चालायला गेलो, तर बाहुली जागची हलेना. माउस आपटला, तरी नाही. एक लाल अक्षराची ओळ मात्र दिसायला लागली.

"हे काय म्हणते?"

लेकीनं वाचलं आणि फस्सकन हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. हसताना डोळे पुसत होती. "बाबा, टोपलीचं वजन जास्त झालं. थोडं वाटल्याबिगर पाय उचलणार नाई."

"वीकलं तर?"

"बाबा!"

कारंज्याच्या पलीकडून एक नवीन बाहुली लंगडत आली. अंगात धड कपडा नाही, हातात काठी. आमच्यापैकी कोणाच्या ओळखीची नव्हती, चौकात काय झालं ते तिला माहीत नव्हतं. तिनं विचारलं, "कोणाकडे औषध आहे का? केवढ्याला?"

चाळीस वर्षांची सवय, बोट आकड्यांच्या बटणांकडे गेलं. मग मी ते उचललं आणि अक्षरांकडे नेलं. शोधून शोधून लिहिलं, "जेवला का?"

"नाही."

मी त्याला पाला दिला, पाव दिला, केळी दिली. लेकीनं बटण कुठलं ते दाखवलं. मग पाऊल टाकून पाहिलं. एक पडलं. दुसरं नाही.

दारातला ट्रकवाला म्हणाला, "अजून द्या, काका. जड हाय अजून."

त्याची बॅटरी परत दिली तोवर घंटाभर उलटून गेला होता. चार्जिंगचे पैसे तो देत होता, मी घेतले नाहीत. तो हसला आणि लेकीच्या टेबलावर दोन संत्री ठेवून गेला.

संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना मी लेकीला विचारलं, "उद्या लाइट कवा जाते?"

"दुपारी. काऊन?"

"मंग सकाळीच भरलेली बॅटरी लावून ठेवतो," मी म्हटलं. "टोपलीत अजून लय हाय."