दुमडलेला देवदूत

काचवाले चाचा कोणत्याही चित्राला कातर लावत नसत. दौंड स्टेशनबाहेर त्यांचं फ्रेमचं दुकान होतं. चित्र काचेपेक्षा मोठं निघालं की जादा भाग हलकेच मागं दुमडायचे. “तसबीर तुमची, काच माझी. मला कापायचा काय अधिकार हाय?”

माझ्या आईजवळ एक जुनं विलायती चित्र होतं, तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून कागदावर छापलेलं, काळंकुट्ट. देवाच्या हुकमावरून अब्राहामानं पोटच्या पोराच्या गळ्यापाशी सुरी नेलीय आणि उजवीकडून झेपावलेल्या देवदूतानं त्याचं कोपर घट्ट धरलंय. लहानपणी मला विषमज्वर झाला तेव्हा आई देवदूताच्या त्या हातावर बोट ठेवून बसायची. आई गेली. मला शिरूरच्या शाळेत नोकरी लागली, आणि मी पहिल्यांदा काय केलं असेल तर ते चित्र चाचांकडे नेऊन दिलं.

आठवड्यानं आणायला गेले. फ्रेम झकास, काच लख्ख, पण देवदूतच गायब! अब्राहामाच्या कोपरावर दोन बोटं तेवढी उरलेली. मी भर बाजारात ओरडले, “चाचा, वाट लावलीत माझ्या चित्राची!”

“न्हाई वो बाई, कापलं न्हाई! कडंला कुणी पंखवाली व्हती, काचंत बसंना, म्हून मागं घेतली. पर हा दरोडेखोर कोण म्हनायचा?”

मी रागारागानं गोष्ट सांगितली. चाचांचा चेहराच उतरला. “या अल्ला, हे तर आमचं इब्राहिम पैगंबर!” दर बकरी ईदला नातवंडांना ते हीच गोष्ट सांगत. पण त्यांच्यात पैगंबरांचं चित्र काढत नाहीत, मग ओळखणार कसे बिचारे? “आन् मी थांबवनाऱ्यालाच दुमडला!”

गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून त्यांनी खिळे उपसले. कागद इतका जुना, घडीवर तुटला म्हणजे संपलंच. चाचांनी श्वास रोखून घडी उलगडली. देवदूत अख्खा होता.

“वाचलं पोरगं,” म्हणत चाचा मटकन खाली बसले. मला हसू आणि रडू एकदमच आलं. इतकं हलकं मला आई गेल्यापासून वाटलं नव्हतं.

त्यानंतर मोठं चित्र आलं की ते गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, “यात वाचवनारा कुठं हाय, तेवढं दाखवा.”

चाचा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझी धाकटी तापानं फणफणली तेव्हा मीही आईसारखं देवदूताच्या हातावर बोट ठेवलं. चाचांची घडी नेमकी तिथूनच जाते. ताप उतरेपर्यंत मी बोट काढलं नाही.