सीतादहीची वाटी

फिनाइलचा वास आला की मला माझी मोठी जाऊ आठवते. साठ सालच्या सुमारास तिने जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता. यवतमाळच्या दवाखान्यातून वाचून घरी आली, तेव्हा तिच्या लुगड्याला दवाखान्याचा तो वास होता. सासूने मला तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं. आठ दिवस मी तिच्या मागे फिरले, पण बोललं कोणीच नाही. मग पहिली वेचणी आली. त्या दिवशी शेतात दहीभात शिंपून सीतादही करायची आणि मगच कापसाला हात लावायचा. तो मान थोरल्या सुनेचा, पण सासूने वाटी माझ्या हाती दिली. जाऊ म्हणाली, "आता तरी दुसरीकडं पाह्य. मेली नाही मी." मी वाटी तिच्यापुढे धरली. "घ्या बाई, तुमचं काम तुमीच करा. मले भेव वाटते, म्हणून पाहून राह्यली." ती वाटी घेऊन शिंपत शिंपत कापसाच्या उंच झाडांत, पऱ्हाटीत शिरली आणि दिसेनाशी झाली. पऱ्हाटी कुठे हलते ते बघत मी तिथेच उभी राहिले. सासू माझ्याकडे पाहत होती. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "तिथं उभी काहून? कापूस वेचाले ओटी बांध अन् ये." वाटी परस्पर तिला दिली म्हणून सासूने महिनाभर माझ्याशी अबोला धरला. आता वाटतं, भीती वाटते हे मी जावेला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.