उजव्या कानाचा सा

दिवाळीनंतर आमच्या लाखनीत टेपवरचं गाणं एकाएकी जाड झालं, की लोक मान वर न करता म्हणत, मिल चालू झाली. नवं धान आलेलं असायचं. राईस मिलचे पट्टे फिरायला लागले की लाईन पडायची, म्हणजे विजेचा दाब उतरायचा, आणि टेपची मोटर रेंगाळायची. गावात काहीही बिघडलं तरी दोष लाईनचा, ही आम्हा सगळ्यांची सवय. माझीसुद्धा.

नवऱ्याचं हायवेवर भोंग्यांचं दुकान होतं. लग्नांत, सभांत, झाडीपट्टीच्या नाटकांत आमचे भोंगे जात. मी शाळेत विज्ञान आणि गाणं शिकवायची, आणि घरी आल्यावर दुकानात बसून दुरुस्त झालेले भोंगे तपासायची. तपासायचं म्हणजे काय, भोंग्याला उजवा कान लावायचा आणि आवाज सोडायचा. आवाज फाटत असला तर लगेच कळतं. शिवाय नागपूरच्या एका सरांकडे माझं संशोधन चाललं होतं. सूर उंच की खाली हे माणसाला कसं कळतं, आणि एकाच सुराबद्दल दोन्ही कान एकच कसं सांगतात, हा विषय. सासूबाई म्हणायच्या, “हे काय शिकून राहिली बाप्पा? कान तं सगळ्याइलेच असते.” मी गप्प बसणारी नव्हते. “डोकं बी सगळ्याइलेच असते, वापरते कोण?” म्हणायची. मग दोन दिवस घरात भांडी जोरात वाजायची.

नवऱ्याने मला दोन डबे बनवून दिले होते, एकच एक सूर काढणारे. एकाचा आवाज हेडफोनच्या डाव्या बाजूला, दुसऱ्याचा उजव्या. ऐकणाऱ्याने बटण फिरवत दोन्ही सूर जुळवायचे, सूर किती उंच ते डब्यावरचा काटा दाखवायचा. लोकांवर करण्याआधी मी स्वतःवर करून बघायची. एक दिवस बघते तर दोन्ही काटे एकाच आकड्यावर, आणि उजवीकडचा सूर सरळ सरळ चढलेला.

मी म्हटलं, लाईन. नवराही म्हणाला, “हे मिलवाले जीव घेऊन राहिले.” त्याने स्टॅबिलायझर लावला, डबा उघडून आतले पार्ट बदलले. सूर चढलेलाच. खरं तर हेडफोन उलटा घातला असता तर मिनिटभरात निकाल लागला असता. चढलेला सूर डावीकडे आला तर डबा खराब, उजवीकडेच राहिला तर मी खराब. विज्ञान शिकवणारी बाई मी, मला हे कळत नव्हतं होय? हात हेडफोनपर्यंत जायचा आणि मी चहा मांडायला उठायची. भीती वाटायची, सरळ सांगते. गाणं कानावर, दुकान कानावर, नागपूरची पदवी कानावर. रूपाच्या नावाने ठणठणाट, माहेरी धड कोणी नाही. माझ्याकडे जे काही होतं ते या दोन भोकांत होतं. ते गेलं तर मी कोण?

शेवटी सगळा राग मिलवर काढला. भर दुपारी मिलमालकाच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, तुमच्यापायी माझं संशोधन बुडून राहिलं. म्हातारा भला माणूस. अंगावरचा कोंडा झटकत म्हणाला, “रागावता काहून बाई? जेवाच्या सुट्टीत मिल बंदच असते. आज अजून थोडा वेळ बंद ठेवतो, करून घ्या तुमचं.” आणि काय करते ते बघायला माझ्यामागे दुकानापर्यंत आला.

जेवायची सुट्टी झाली, मिल थांबली. स्टॅबिलायझरच्या मीटरचा काटा वर जाऊन स्थिर झाला. नवरा म्हणाला, “आता लाईन एक नंबर हाय. लाव.” लावला. उजवीकडचा चढलेलाच. दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते, आता चहाला उठता येत नव्हतं. मी हेडफोन काढला आणि उलटा घातला. चढलेला सूर उजव्या कानातच राहिला.

“जमलं का बाई?”

“जमलं,” मी म्हटलं.

“मंग करू का चालू?”

“करा.”

म्हातारा खुशीत गेला. मी हेडफोन उलटा घातलेला नवऱ्याने पाहिला होता, आणि तो मेकॅनिक होता. त्याने दोन्ही डबे बंद केले.

नागपूरच्या डॉक्टरांनी नस कमजोर झाल्याचं सांगितलं. इलाज नाही, डावा सांभाळा, भोंगे बंद करा. सरांना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. “असा कान शोधून सापडत नाही हो! तुमचेच प्रयोग तुमच्यावर करा.” असा संताप आला की तिथेच डबे आपटावेसे वाटले. बसमध्ये तोंडाला पदर लावून लाखनीपर्यंत रडत आले. आणि मग केले प्रयोग, करणार काय? आपला कान किती खोटं बोलतो ते आपणच मोजायचं आणि कागदावर मांडायचं. खालच्या सुरांना तो खरं बोलायचा, वर जावं तसं खोटं वाढायचं. शाळेत उजव्या कानात कापूस घालून शिकवायची. रोज सकाळी आधी भीती यायची, मग जाग.

अशी काही वर्षं गेली. एका सकाळी नेहमीसारखे डबे लावले. दोन्ही काटे एका आकड्यावर, आणि दोन्ही कानांत एकच सूर. हेडफोन उलटा घातला, तरी एकच. पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

“ऐकलं का? इकडे या, जुळलं!” मी ओरडले. नवरा हातात पेचकस तसाच धरून धावत आला. मी पेटी ओढली, खालचा सा धरला आणि गायला लागले. कापूस नाही, काही नाही. वरच्या सा वर जाऊन थांबले. दोन्ही कान भरून गेले. देवा, किती दिवसांनी.

नवऱ्याला गाण्यातलं फारसं कळत नसे, पण रेंगाळलेली मोटर त्याला लगेच ऐकू यायची. तो दारातच उभा होता.

“काय झालं?” मी विचारलं.

“तू खाली लागून राहिली व,” तो म्हणाला.

मी पेटीचा वरचा सा दाबला. तो मला चढलेला ऐकू आला, दोन्ही कानांना सारखाच. डावाही गेला होता.