अक्कांच्या बरण्या

निजामाचं राज्य कुठून कुठवर पसरलं होतं ते नकाशात पाहावं. पण नांदेडच्या आमच्या घरात कोणाला आजारी पडायचं असेल, तर हुकूम चालायचा तो एकट्या अक्कांचा. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. उदगीरकडच्या, कानडी मुलखालगतच्या, म्हणून सगळं घर त्यांना अक्काच म्हणे, आमचे सासरेसुद्धा. ठेंगणी मूर्ती, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे, आणि चालणं असं की समोरून येणाऱ्यानं आपोआप बाजूला व्हावं. मोंढ्यातलं, म्हणजे धान्यबाजारातलं, अडतीचं दुकान मामंजी चालवत, आणि घरातल्या माणसांची पोटं, छात्या आणि गुडघे अक्का चालवत. ‘या घरचं माणूस दवाखान्याची पायरी चढणार न्हाई,’ अशी त्यांची प्रतिज्ञा होती. ती कधी आणि कशापायी केली होती हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडायची कोणाची टाप नव्हती.

या प्रतिज्ञेचं सगळं बळ माजघरातल्या फडताळात होतं. सुंठ, ओवा, वावडिंग, मुरडशेंग, ज्येष्ठमध, बाळहिरडा, एरंडेल, बेलाचा मुरंबा; जे लागेल ते तिथं हजर. पण दुसऱ्या घरांत औषधं दुखण्याच्या नावानं ठेवतात, अक्कांकडे ती माणसाच्या नावानं असत. घरातल्या प्रत्येकाची एक बरणी. अक्कांना अक्षरओळख नव्हती, म्हणून बरणीच्या गळ्याला त्या त्या माणसाच्या जुन्या कपड्याची चिंधी बांधलेली. मामंजींच्या बरणीला धोतराचा काठ, आमच्या ह्यांच्या बरणीला शाळकरी वयातल्या सदऱ्याची पट्टी. पाहुणा जास्त दिवस रेंगाळला आणि एके सकाळी त्याच्या उपरण्याचा कोपरा गायब झालेला दिसला, की समजावं, हा आता घरातला झाला. खरं तर सगळी सुंठ एकाच गोणीतून यायची, पण एकदा बरणीत पडली की ती ज्याची त्याची. एकदा मामंजींनी पोट दुखतं म्हणून चुकून ह्यांच्या बरणीतली सुंठ तोंडात टाकली. अक्का दारातच उभ्या होत्या. “मामा, ती त्यांच्या खोकल्याची सुंठ हाय. ती तुमच्या पोटाला वळखत न्हाई.” भल्याभल्या व्यापाऱ्यांना भावात गुंडाळणारे मामंजी मुकाट्यानं थुंकून आले, आणि संध्याकाळी पोट जास्तच दुखतंय अशी त्यांनी खरोखरच तक्रार केली. गल्लीतल्या हकीमसाहेबांनी एकदा कोणा रोग्यासाठी चार बाळहिरडे मागवले, तर अक्कांनी उलट निरोप धाडला, “हिरडा न्हाई, रोगी पाठवा.” हकीमसाहेब भला माणूस, त्यांनी खरंच रोगी पाठवला.

अशा घरात मी किनवटहून सून म्हणून आले. माप ओलांडून आत पाऊल टाकते न टाकते तोच अक्कांनी माझी हनुवटी वर करून विचारलं, “किनवटची का? मंग हिरडा चांगला मिळत आसंल.” माझ्या वडिलांचं तिथं किराणा दुकान होतं. आसपासच्या जंगलातला हिरडा, बेहडा, मध, चारोळी सगळं त्यांच्याकडेच यायचं. झालं, तेव्हापासून मी माहेरी निघाले की अक्का डोळे भरून निरोप देत, पण त्या पाण्यात अर्धी आशा हिरड्याची असे. परतताना माझ्या डोक्यावर वडिलांनी फडक्यात बांधून दिलेलं गाठोडं असायचंच. अक्का ते सोडून आधी नाक खुपसून हुंगत, मग म्हणत, “हां. आता ये आत.”

एवढं करूनही फडताळात माझ्या नावाची बरणी मात्र नव्हती. मोलकरणीची होती, दुकानातल्या मुनिमाची होती, आणि माझी नाही! हे मला फार लागलं. त्या घरात बरणी नसणं म्हणजे आपण अजून ओसरीवरच बसल्यासारखं होतं. विचारलं तर अक्कांचं उत्तर तयार, “ज्येला दुखणं न्हाई, त्येला बरणी न्हाई.” आता देवानं मला प्रकृती दिली होती ती जंगलातली. मग मी आजारी पडायचा चंग बांधला. कच्च्या चिंचा खाल्ल्या, ओले केस बांधून दिवसभर हिंडले, थंडीत गार पाण्यानं आंघोळ केली. एवढ्या तपश्चर्येचं फळ म्हणून भूक तेवढी वाढली. अक्कांनी माझी जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि म्हणाल्या, “तुला काय धाड भरली? दोन भाकरी जास्तच खाऊन राहिलीस की.” मी फडताळाच्या आडोशाला जाऊन रडले.

मग निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष उजाडलं. वाटा बंद झाल्या, माणसं गावं सोडून सरहद्दीपलीकडे जाऊ लागली, आणि किनवटची काही खबर येईना. वडील, आई, दुकान, कशाचाच पत्ता नाही. माझं अन्न तुटलं. पुढं आलेलं ताट मी तसंच सारू लागले. आता मात्र अक्का पदर खोचून उभ्या राहिल्या. ओव्याचं पाणी झालं, सुंठेचा काढा झाला, बेलाचा मुरंबा झाला. स्वतःचा कायदा मोडून त्यांनी दुसऱ्यांच्या बरण्याही उघडल्या. “अक्का, ती माझी बरणी हाय ना?” मामंजींनी भीतभीत विचारलं, तर “गप बसा मामा, पोर वाळून चाललीय,” असं त्यांनी सासऱ्यांना सुनावलं. सगळं फडताळ माझ्या पोटातून फिरून आलं, पण भूक काही येईना. अक्का हरायला तयार नव्हत्या. रोज म्हणत, “आज न्हाई तर न्हाई. उद्या दुसरं बघू.”

एका दुपारी त्या फडताळात खांद्यापर्यंत हात घालून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांत मागची एक बरणी काढून माझ्यापुढं ठेवली. तिच्या गळ्याला चिंधी होती ती माझ्या वडिलांच्या गाठोड्याच्या फडक्याची. मी झाकण काढलं. आत मोहाची वाळलेली फुलं, मूठभर हिरडे, थोडी चारोळी. दरवेळच्या गाठोड्यातलं थोडं थोडं.

“ह्येचा काढा करायचा का?” मी विचारलं.

“खायाचं न्हाई. हुंग. नि रडून घे.”

मी बरणीत तोंड घातलं आणि किनवट माझ्या अंगावर कोसळलं. दुकानाचा ओटा, गोण्या, वडिलांच्या हाताचा वास. पोटभर रडले. अक्का पाठीवरून हात फिरवत बसल्या होत्या. “माहेर सोडलेल्या बाईला ह्ये दुखणं येतंच, पोरी. मला उदगीर सुटल्यावर आलं व्हतं. तू आलीस त्याच साली ही बरणी भराया घेतली. तुला गरज पडू न्हाई म्हून मागं सारली व्हती.” मग तोच हात पाठीवर थापटून म्हणाल्या, “चल, आता जेव.” मी जेवले.

पुढं वाटा मोकळ्या झाल्या. वडील सुखरूप होते, आणि येताना त्यांनी अक्कांसाठी हिरड्याची आख्खी गोणीच आणली.

आता अक्का नाहीत. घरात गोळ्यांचे डबे आले, फडताळात कपबशा लागल्या. अक्का गेल्या तेव्हा त्यांच्या जुन्या इरकली लुगड्याची एक पट्टी मी फाडून घेतली. ती एका बरणीच्या गळ्याला बांधली आणि आत किनवटचे हिरडे भरले. कधी जेवण गोड लागेनासं झालं की ती उघडते, हुंगते, आणि मग ताटावर बसते. ज्याला दुखणं नाही त्याला बरणी नाही, हा अक्कांचाच कायदा. माझ्या आता दोन बरण्या आहेत.