बॅगेची चेन

हातातली पळी वर धरून मावशी म्हणायच्या, "असं कोनी बोलते का जी?" वरणाचा ओघळ कोपरापर्यंत आला, तरी उत्तर मिळेपर्यंत पळी खाली यायची नाही.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्या मुलाची तशी अट आहे, आणि ती मोडण्याचा अधिकार मी माझ्याच हातानं घालवला आहे.

मी वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला शाळेत मराठी शिकवायचो. माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला सिनेमा शिकला आणि मामाच्या जिवावर चित्रपट काढायला इकडेच परत आला. आसेगावच्या बाजूच्या एका खेड्यात चित्रीकरण होतं. संहितेचं शुद्धलेखन मी तपासलं होतं, म्हणून मला तिथे खुर्ची मिळाली. खुर्ची मिळाली की माणसाला थोड्याच वेळात आपण तिथे आवश्यक आहोत असं वाटू लागतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. मावशी शाळेत पोषण आहार शिजवायच्या. दिवाळीच्या सुट्टीत युनिटचा स्वयंपाक त्यांच्याकडे आला. चूल कॅमेऱ्यापासून दहा पावलांवर.

पहिलाच प्रसंग. मुलगी नर्सिंग शिकायला परगावी निघाली आहे आणि बाप म्हणतो, "बाळ, तुझ्या जाण्यानं हे घर ओसाड होईल." वाक्य शुद्ध होतं. चुलीपाशी पळी वर गेली.

"असं कोनी बोलते का जी?"

दिग्दर्शक वैतागला. "मग काय बोलते, मावशी?"

"बाप कायचा बोलते! तो इचारते, बॅगची चेन लागली का. अन् पोरीच्या तोंडाकडे पाहून नाही इचारत, बाप्पा. चेनीकडे पाहून इचारते."

दिग्दर्शकानं कॅमेरा बापाच्या चेहऱ्यावरून काढून बॅगेकडे वळवला.

पुढचे आठ दिवस हेच. सरपंच झालेला नट कमरेवर हात ठेवून रुबाबात उभा राहिला, तर मावशी म्हणाल्या, "सरपंच उभा नाही राह्यत जी, तो बसते. उभा राह्यते तो अर्ज घेऊन आलेला." नट बसला आणि सरपंच झाला. त्या नादात एकदा वरण करपलं. लाइटवाला म्हणाला, "आज वरनबी डायरेक्शनचंच हाय, मावशी." मावशी पदर तोंडाला लावून हसल्या आणि त्याला वाढताना करपलेलं बाजूला सारलं.

शेवटच्या दिवशी भांडी घासता घासता त्यांनी विचारलं, "पिक्चर संपल्यावर नावं येतात ना जी? म्या सांगतलेलं आलं, तं माह्यं नावबी येईन का?"

"येणारच," दिग्दर्शक म्हणाला.

नामावली ठरवायला तो मामासह माझ्या घरी आला. मामांचं कृषी केंद्र. त्यांचं मत सरळ होतं. "लग्नपत्रिकेसारखं करा, सर. मानपान पाहून. नाव राह्यलं का सोयरा तुटते." त्याप्रमाणे जीपवाले आले, बैलजोडी देणारे आले, उद्घाटनाला नारळ फोडणारेही आले. मग दिग्दर्शकानं हळूच विचारलं, "सर, मावशीचं नाव लेखनात घेऊ? दिग्दर्शन साहाय्यात तरी?"

मी म्हणालो, "लेखन म्हणजे लिहिणं. त्यांनी कागदावर एक ओळ तरी लिहिली आहे का?"

मौखिक परंपरेवर मी वर्गात वर्षानुवर्षं तास घेतले होते. पोरगा माझाच विद्यार्थी. सरांपुढे काय बोलणार? मावशी 'भोजन व्यवस्था'त गेल्या. मोकळ्या राहिलेल्या जागी, 'संवाद मार्गदर्शन' म्हणून, त्यानं माझं नाव घातलं. मी नको नको म्हणालो. शाल घेताना म्हणतात तसं, मान पुढे करून.

वाशीमला खेळ झाला. मावशी कडक इस्त्रीचं लुगडं नेसून, दोन जावांना घेऊन आल्या होत्या. बॅगेच्या चेनीपाशी माझ्या मागे कुणीतरी नाक ओढलं. मावशींचे ओठ बापाच्या आधी हलले. मग नावं आली. बैलजोडीनंतर मावशी.

बाहेर त्या माझ्याजवळ आल्या. "सर, ते मार्गदर्शन कवा केलं तुमी? मी तं चुलीपाशीच होती. मले आयकू नाही आलं."

टोमणा असता तर मी झेलला असता. त्या खरंच विचारत होत्या.

मागच्या वर्षी मावशी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाची पत्रिका छापायची म्हणून त्यांचा मुलगा आला. "मजकूर तुमीच लिहा, सर." मी आईचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'चित्रपट संवादलेखिका'. त्यानं वाचलं, माझ्याच हातातला पेन घेतला, ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'शाळेतील स्वयंपाकी'.

"का रे?" मी विचारलं. "खरं तेच लिहिलंय मी."

"पिक्चरमदे आईचं नाव जेवनात हाय, सर. साऱ्या गावानं मोबाइलवर पाह्यलं. आता हे छापलं तं लोक म्हनतीन, मेल्यावर खोटं मोठेपन करून राह्यले." पेन परत देत तो म्हणाला, "तुमाले कुठं लिहायचं असंन तं लिहा. पन आईचं नाव नोका टाकू."

हे बोलताना तो माझ्या तोंडाकडे पाहत नव्हता. कागदाकडे पाहत होता.